मांजराला इन्सुलिन देताय? मग साखर घरी मोजायलाच हवी

"साखर ३८० आली. डोस दोन युनिटवरून तीनवर न्या. पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा."

मधुमेही मांजरांच्या फायलींमध्ये असं लिहिलेलं मला वारंवार वाचायला मिळतं. फाईल घेऊन येणारी माणसं प्रामाणिक असतात. सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून इंजेक्शन देतात, बाहेरगावी जाणं टाळतात, लग्नकार्यातून अर्ध्यात उठून घरी येतात. तरीही मांजर वाळत चाललेलं असतं, नाहीतर मधूनच लटपटायला लागतं. "घरी साखर मोजता का?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही हो डॉक्टर, ते आम्हाला कुठे जमणार? शिवाय आधीचे डॉक्टर म्हणाले, गरज नाही."

गरज आहे. माझं म्हणणं स्पष्ट आहे: इन्सुलिनवर असलेल्या मांजराची साखर घरीच मोजली पाहिजे. ज्या घरात हे जमण्यासारखं आहे, त्या घराला ते न शिकवता फक्त सिरिंज आणि बाटली हातात देऊन पाठवणं हे अर्धवट उपचार आहेत. हे माझ्याच व्यवसायातल्या अनेकांना रुचणार नाही. पण आपल्या मांजराच्या जिवाचा प्रश्न असेल तर तुम्हाला कारणं कळायला हवीत.

आधी थोडं आजाराविषयी

मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप २ मधुमेहासारखा असतो. मध्यम वयाच्या पुढची, घरातच राहणारी, वजन वाढलेली मांजरं, त्यातही नसबंदी केलेले बोके, यांना तो जास्त होतो. खाज किंवा दमा यासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळेही साखर चढू शकते.

लक्षणं ओळखीची आहेत. मांजर खूप पाणी पितं. लघवीच्या ट्रेमधले गोळे मोठे व्हायला लागतात. भूक वाढते, पण वजन उतरतं. काही मांजरं मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालू लागतात, कारण साखरेने पायांच्या नसांवर परिणाम झालेला असतो. आपल्याकडे अनेक घरांना पहिली शंका येते ती मुंग्यांमुळे: मांजराने कोपऱ्यात लघवी केली आणि तिथे मुंग्यांची रांग लागली.

निदान झालं की उपचाराचे दोन मुख्य आधार असतात. पहिला आहार. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. पिष्टमय पदार्थ पचवून त्यातली साखर झपाट्याने हाताळण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात आपल्याइतकी तयार नसते. दूधभात, दूधपोळी, चहात बुडवलेलं बिस्किट हे सगळे लाड बंद करावे लागतात. कोरड्या खाण्याच्या दाण्यांमध्येही पिष्टाचं प्रमाण बरंच असतं, म्हणून जास्त प्रथिनांचं ओलं खाणं बरं. दुसरा आधार इन्सुलिन, बहुतेक वेळा दर बारा तासांनी. आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजराला देण्याचा प्रयोग कुणीही करू नये.

इथपर्यंत सहसा वाद नसतो. वाद सुरू होतो तो "डोस बरोबर आहे की नाही, हे कळणार कसं?" या प्रश्नावर.

दवाखान्यातल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

मांजर दवाखान्यात येतं म्हणजे काय होतं ते आठवा. त्याला पलंगाखालून ओढून बास्केटमध्ये कोंबलेलं असतं. रिक्षाचा आवाज, अनोळखी वास, शेजारच्या बाकावर भुंकणारा कुत्रा. मग टेबलावर दोघांनी धरून ठेवायचं आणि पायातून रक्त काढायचं.

घाबरलेल्या, झटापट करणाऱ्या मांजराच्या शरीरात ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या जोडीची संप्रेरकं उसळतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. २००२ साली जॅकी रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. त्यांनी निरोगी मांजरांना फक्त पाच मिनिटं पाण्याच्या फवाऱ्याने आंघोळ घातली. मांजरांची साखर वाढली, आणि तिचा संबंध मांजरांनी केलेल्या झटापटीशी होता. त्यांना मधुमेह नव्हता. फक्त आंघोळ घातली होती!

निरोगी मांजराची साखर साधारण ७० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. घाबरलेल्या मांजराची, मधुमेह नसतानाही, ३०० च्या पुढे जाऊ शकते. आता पुन्हा त्या फाईलकडे पाहा. ३८० हा आकडा मधुमेहाचा किती आणि रिक्षाचा किती? हे त्या कागदावरून कुणालाही सांगता येणार नाही. आणि तरी त्यावर डोस वाढवला जातो.

भीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी दुसरी अडचण उरते. इन्सुलिन दिल्यावर साखर हळूहळू उतरते, काही तासांनी तळाला जाते आणि पुन्हा चढते. तळ किती खोल गेला यावर डोस ठरतो. सकाळी अकरा वाजता घेतलेला एकच थेंब हा त्या चढउताराचा एकच बिंदू आहे. क्रिकेटच्या सामन्यात एका चेंडूचा निकाल ऐकून कोण जिंकणार ते सांगावं, तसला हा प्रकार.

शिवाय आकडा जास्त येण्याची कारणं अनेक असतात. इन्सुलिन खरंच कमी पडत असेल. ते उन्हात राहून किंवा फ्रीजरमध्ये गोठून निकामी झालं असेल. इंजेक्शन कातडीखाली न जाता केसांत गेलं असेल. दाताचा किंवा लघवीचा संसर्ग असेल. क्वचित आधी साखर फार खाली गेल्यामुळे शरीराने प्रतिकार म्हणून ती वर ढकललेली असेल, म्हणजे डोस जास्त झालेला असेल! एका आकड्यावरून यातलं कुठलं कारण खरं, हे ओळखता येत नाही. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे.

साखर वाढण्यापेक्षा साखर उतरण्याची भीती बाळगा

मधुमेह म्हटलं की लोकांचं सगळं लक्ष "साखर किती वाढली" याकडे असतं. वाढलेली साखर शरीराला हळूहळू पोखरते. खूप काळ दुर्लक्ष झालं तर कीटोन तयार होऊन मांजर दगावतं, हेही खरं. पण इन्सुलिन जास्त झालं तर साखर काही तासांत धोकादायक पातळीला येते. मांजर अशक्त होतं, झोकांड्या खातं, कधी वेड्यासारखं खायला मागतं, मग थरथर, झटके, बेशुद्धी. पहाटे तीन वाजता हे घडलं तर घरच्यांना सकाळी कळतं, तेही कळायला मांजर जिवंत असेल तर.

यात आणखी एक गोष्ट मालकांना क्वचितच सांगितली जाते. मांजराचा मधुमेह उपचारांनी मागे हटू शकतो. स्वादुपिंड पुन्हा काम करू लागतं आणि इन्सुलिनची गरज आठवड्याआठवड्याने कमी होत जाते. म्हणजे गेल्या महिन्यात योग्य असलेला डोस या महिन्यात घातक ठरू शकतो. मांजर बरं होत असतं, आणि आपण न मोजता तोच डोस टोचत राहतो. बरं होणाऱ्या रुग्णाचाच जीव असा धोक्यात घालण्याला काय म्हणायचं?

घरी न मोजण्यासाठी दिली जाणारी कारणं

*"मांजराला दुखेल, ते आपल्यावर चिडेल."* इन्सुलिनची सुई दिवसातून दोनदा टोचताना हा प्रश्न येत नाही, मग कानाच्या कडेला लॅन्सेटचं टोक लावताना का येतो? कानाच्या कडेला वेदनेची जाणीव कमी असते. बहुतेक मांजरं टोचण्यापेक्षा धरून ठेवण्याला विरोध करतात. ठरावीक जागा, ठरावीक वेळ आणि नंतर उकडलेल्या चिकनचा तुकडा, एवढं केलं की काही मांजरं वेळ झाली की स्वतः येऊन बसतात.

*"माणसांचं मीटर मांजराला चालत नाही."* यात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. माणसाच्या रक्तातली साखर द्रवभाग आणि लाल पेशी यांच्यात बऱ्यापैकी वाटलेली असते. मांजरात ती जवळजवळ सगळी द्रवभागात असते. त्यामुळे माणसांसाठी बनवलेलं मीटर मांजराची साखर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. प्राण्यांसाठी खास बनवलेली मीटर असतात, मिळालं आणि परवडलं तर तेच घ्या. पण ते आपल्याकडे प्रत्येक गावच्या दुकानात मिळत नाही. ते नसेल तर माणसांचं एक चांगलं मीटर घ्या, कायम तेच वापरा, आणि डॉक्टरांना सांगा की हे आकडे माणसांच्या मीटरचे आहेत. आकडा थोडा कमी दिसणं ही सावधगिरीच्या बाजूची चूक आहे. अजिबात आकडा नसणं ही कुठल्याच बाजूची सावधगिरी नाही.

*"लघवीची पट्टी पुरेशी आहे."* मांजराच्या लघवीत साखर उतरते ती रक्तातली साखर साधारण २५० च्या वर गेल्यावर. त्याखाली रक्तात १२० असो की ४०, पट्टी तेच सांगणार: साखर नाही. म्हणजे उत्तम नियंत्रण आणि जीवघेणी घसरण यांतला फरक पट्टीला कळत नाही. कीटोन पाहण्यासाठी पट्टी उपयोगी आहे आणि ती घरात असावीच. इन्सुलिनचा डोस ठरवण्यासाठी ती पुरी पडत नाही.

*"मालकांच्या हाती आकडे दिले की ते मनाने डोस बदलतात."* हा आक्षेप गंभीर आहे. असं होतं. ३५० आकडा पाहून घाबरून अर्ध्या रात्री जादा युनिट देणारे लोक आहेत. पण त्यावरचा उपाय त्यांना शिकवणं हा आहे, मीटर काढून घेणं हा नाही. माणसांच्या बाबतीत हीच चर्चा होऊन गेली आहे. रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर स्वतः मधुमेही होते. १९६९ साली रक्तातली साखर मोजणारं यंत्र फक्त डॉक्टरांना आणि रुग्णालयांना विकलं जाई, म्हणून त्यांनी ते आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावावर घेतलं. घरी मोजून स्वतःची साखर आटोक्यात आणली, आणि त्यांचं म्हणणं कुणी ऐकेना म्हणून पुढे वयाच्या चाळिशीत स्वतःच डॉक्टर झाले. आज इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला "घरी मोजू नका, तुम्हाला झेपणार नाही" असं म्हणणारा डॉक्टर तुम्ही पाहिलाय का? मांजराच्या मालकाला ते अजून सर्रास ऐकवलं जातं.

*"खर्च फार होतो."* एक स्ट्रिप साधारण एका वडापावच्या किमतीत येते. रोज दोन-तीन स्ट्रिप म्हणजे महिन्याला खर्च आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण साखर उतरून झटके आलेलं मांजर रात्री दाखल करावं लागलं तर एका रात्रीचं बिल किती होतं, तेही मोजा. आणि वारंवार दवाखान्यात नेऊन मिळवलेल्या निरुपयोगी आकड्यांचा खर्च कोण धरतो?

*"मांजरासाठी एवढं कशाला?"* हे वाक्य सासूबाईंपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कुणाच्याही तोंडून येतं. माझं उत्तर एवढंच: मांजर पाळायचं की नाही, हा तुमचा निर्णय. त्याला इन्सुलिन द्यायचं हाही तुमचाच निर्णय. पण एकदा ते द्यायचं ठरवलं की न मोजता देणं म्हणजे दिवे न लावता घाटात गाडी चालवणं.

मोजायचं कसं?

पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडा मिळालाच पाहिजे असा हट्ट धरू नका. आधी नुसतं जागेवर बसवा, कान चोळा, खाऊ द्या, सोडा. मग पुढची पावलं:

१. हात धुवा. मीटरमध्ये स्ट्रिप घालून तयार ठेवा.

२. कान गरम करा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं किंवा मोज्यात भरून किंचित गरम केलेले तांदूळ अर्धा मिनिट कानाला लावा. आधी आपल्या मनगटाला लावून पाहा, चटका बसता कामा नये. कान थंड असेल तर रक्त येत नाही, आणि निम्मे लोक इथेच हार मानतात.

३. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. शीर आणि कड यांच्यामधल्या पट्टीत टोचायचं आहे. तिथे व्हॅसलिनचा अगदी पुसट थर लावा, म्हणजे रक्त केसांत पसरत नाही, थेंब उभा राहतो.

४. कानाच्या मागे कापसाचा बोळा धरा, म्हणजे लॅन्सेट आरपार जाऊन तुमच्या बोटाला लागणार नाही. टोचा.

५. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरतो. स्ट्रिपची कड थेंबाला टेकवा, रक्त ती आपोआप ओढून घेते.

६. बोळ्याने कान थोडा वेळ दाबून धरा. मग लगेच खाऊ, मीटर काहीही म्हणो.

सुरुवातीला शिरेवर थोडं रक्त साकळून निळसर डाग पडेल. घाबरू नका, कान बदला. कानातून जमलंच नाही तर पंजाच्या मोठ्या गादीतूनही थेंब घेता येतो, पण तो पंजा लगेच ट्रेमधल्या मातीत जाणार नाही असं पाहा.

माणसांच्या दंडावर लावतात तो चौदा दिवसांचा सेन्सरही मांजराच्या मानेला किंवा खांद्याला लावता येतो. केस कापून तो डॉक्टरांकडून बसवून घ्यावा लागतो, आणि मांजरं अनेकदा तो मुदतीआधीच काढून टाकतात. तरी त्यातून रात्रीचे चढउतार जसे दिसतात तसे दुसऱ्या कशातून दिसत नाहीत. तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून फार कमी आकडा दिसला तर कानाच्या थेंबाने खात्री करा.

आकडे आले, आता पुढे?

रोज दोन्ही वेळच्या इन्सुलिनआधी मोजायचं. सुरुवातीच्या काळात, आणि डोस बदलल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी, सुट्टीच्या एका दिवशी दर दोन तासांनी असे बारा तासांचे आकडे घ्यायचे. यातून तळ कुठे आणि केव्हा येतो ते कळतं.

साधारण लक्ष्य असं असतं: तळ ८० ते १५० च्या दरम्यान, आणि बाकीचे बहुतेक आकडे ३०० च्या आत. तळ ८० च्या खाली जात असेल तर डोस कमी करण्यासाठी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिनच्या वेळेलाच साखर २०० च्या खाली असेल तर, निदान सुरुवातीच्या महिन्यांत, इंजेक्शन देण्याआधी फोन करा. मांजराने काही खाल्लं नसेल किंवा उलट्या होत असतील, तरीही आधी फोन.

आकडा ६० च्या खाली आला आणि मांजर शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्या, पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना गाठा. लटपटत असेल तर मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. झटके येत असताना तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि बोट दातांमध्ये घालू नका. गालाच्या आतल्या बाजूला जेवढं लावता येईल तेवढं लावा आणि गाडी काढा.

डोस वाढवण्याचा निर्णय मात्र एका आकड्यावर कधीही घेऊ नका, आणि एकट्याने तर मुळीच नाही. वही करा: तारीख, वेळ, साखर, डोस, खाणं, वजन. ती वही फ्रीजला अडकवा. एकत्र कुटुंबात एकच इंजेक्शन दोघांनी दिल्याचे प्रकार होतात. "दिलं की नाही?" अशी शंका आली तर देऊ नका. एक डोस चुकला तर साखर थोडी वाढेल, दोनदा गेला तर मांजर जाईल.

सिरिंजकडे नीट पाहा

हा मुद्दा आपल्या देशात विशेष महत्त्वाचा आहे. मेडिकलच्या दुकानात इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० ताकदीच्या मिळतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. मांजरांना अनेकदा दिलं जाणारं ग्लार्जिन मात्र १०० ताकदीचं असतं. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजमध्ये एक युनिटच्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. मांजराला बहुतेक वेळा सुरुवात एका युनिटच्या आसपास करतात, हे लक्षात घेतलं की अडीच म्हणजे काय ते कळेल.

दुकानदाराने "तीच असते हो" म्हणून दिलेली सिरिंज घेऊ नका. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहा. आणि तरीही चूक झालीच, तर ती त्याच दिवशी पकडणारी एकच गोष्ट तुमच्या घरात असेल: ग्लुकोमीटर.

ज्यांना खरंच जमत नाही

काही मांजरं हात लावू देत नाहीत. काही मालकांची दृष्टी अधू असते, हात थरथरतात, घरी दुसरं कुणी नसतं. त्यांना दोष देण्यासाठी हा लेख नाही. अशा वेळी दर आठवड्याला वजन, रोज प्यायलेल्या पाण्याचं माप, ट्रेमधल्या गोळ्यांचा आकार, लघवीतले कीटोन यांची नोंद ठेवा. फ्रुक्टोसामाइन या तपासणीतून मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते, तिच्यावर रिक्षातल्या भीतीचा परिणाम होत नाही. सेन्सर बसवून घेता येतो. मात्र या घरांमध्ये डोस हात राखून ठेवावा लागतो, आणि मांजर पूर्ण बरं होण्याची संधी कमी होते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं पाहिजे.

डाव कशावर लागलाय?

२००९ साली कर्स्टन रूम्प आणि वर उल्लेख आलेल्या जॅकी रँड यांनी ५५ मधुमेही मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मांजरांना ग्लार्जिन दिलं जात होतं आणि त्यांचे मालक घरीच काटेकोरपणे साखर मोजत होते. ६४ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू केलेल्यांमध्ये ते प्रमाण ८४ टक्के होतं, उशिरा सुरू केलेल्यांमध्ये ३५ टक्के. हे निवडक, मेहनती मालक होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे प्रत्येक मांजराला हाच आकडा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण सहा महिन्यांच्या आत आणि नंतर यांतला फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

म्हणून "बघू पुढे, आत्ता डोस चालू ठेवा" हा सल्ला मला खटकतो. ते सहा महिने परत मिळत नाहीत. २०१५ ची आंतरराष्ट्रीय मांजरवैद्यक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं असोत की २०१८ ची अमेरिकन पशुरुग्णालय संघटनेची, दोन्हींत घरी मोजण्याचा पुरस्कार केलेला आहे. ही काही माझी एकट्याची टूम नव्हे.

तुमचं मांजर इन्सुलिनवर असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. कानातून थेंब कसा घ्यायचा ते माझ्यासमोर करून दाखवाल का? कुठल्या आकड्याखाली इन्सुलिन द्यायचं नाही? आणि रात्री साखर उतरली तर कुणाला फोन करायचा? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही, खुर्ची पुढे ओढून समजावून सांगतो. उत्तरं मिळाली नाहीत, तर ती देणारा दुसरा डॉक्टर शोधा. आणि घरी जाताना मेडिकलमधून स्ट्रिपची डबी घेऊन जा.